मोबदल्याचे पैसे हातात आल्यावर

प्रिय मुला,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. जालना-नांदेड महामार्गात तुमचं चार एकर रान गेलं आणि 60 लाख रुपये खात्यावर आले. पिढ्यान्‌पिढ्या पोसणारी जमीन होती ती. तिच्या पैशाला चार महिने नुसतं बँकेत पडू दिलंस तरी काही बिघडत नाही.

आधी घरातलं बघ. जमीन वडिलोपार्जित, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. आत्यांचा, ताईचा हिस्सा आत्ताच ठरवा, कागदावर उतरवा. बहिणीची नोटीस आली म्हणून मुदतीआधी ठेवी मोडायला आलेले भाऊ मी बँकेच्या काउंटरवर पाहिलेत. नजर वर करून बोलता येत नसे त्यांना.

ट्रॅक्टरचं कर्ज फेडून टाक. उरलेल्या रानावरचं पीककर्ज मात्र राहू दे. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात त्यावर व्याज पडत नाही.

आता पतसंस्थेचं. तुझ्या दारात आलेला माणूस गावातलाच आहे, व्याज बँकेपेक्षा जास्त देतो, हे सगळं खरं असेल. तरी तिथे एक रुपयाही ठेवू नकोस. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे, सगळ्या शाखा मिळून, व्याजासह 5 लाखांपर्यंत ठेव विमा मिळतो. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही, मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत चालणारी, असली तरी नाही. मराठवाड्यात अशा संस्थांच्या बंद दारांसमोर म्हातारी माणसं पावत्या घेऊन बसलेली तूही पाहिली आहेस. सहकारी बँकेतही 5 लाखांच्या आतच ठेव. मोठी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकांत, आईच्या आणि तुझ्या नावाने विभागून ठेव. व्याजावर प्राप्तिकर लागतो, तेव्हा अवॉर्डची, म्हणजे मोबदल्याच्या सरकारी निवाड्याची, प्रत घेऊन एकदा सीएला भेट.

समज, सात-आठ वर्षं लागणार नाहीत असे 12 लाख निघाले, तर ते शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात, जाऊ देत, पण एकदम नको. आधी लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, ठेव आणि तिथून दर महिन्याला 50 हजार वळव. दोन वर्षांत सगळे जातील. माझ्या एका सहकाऱ्याने स्वेच्छानिवृत्तीची सगळी रक्कम जानेवारी 2008 मध्ये एका दिवसात गुंतवली. सेन्सेक्स तेव्हा 21 हजारांपर्यंत गेला होता. ऑक्टोबरात तो 8 हजारांच्या खाली आला आणि घाबरून त्याने सगळं विकलं. नोव्हेंबर 2010 मध्ये बाजार पुन्हा 21 हजारांवर होता, पण हा बाहेर होता.

बदल्यात जमीन घ्यायची आईची इच्छा मला पटते. फक्त आत्ता तालुक्यात प्रत्येकाच्या हातात मोबदला आहे, त्यामुळे भाव चढलेत. वर्षभर थांबा. मग सातबारा, फेरफार आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) बघूनच इसार द्या.

दसऱ्याला येतोय. पासबुकं आणि कर्जाचे कागद काढून ठेव. तोवर विमावाल्याच्या कोणत्याही फॉर्मवर आईची सही होऊ देऊ नकोस.

तुझा,
काका