स्ट्रिंग लिटरल बदलायला गेलो आणि प्रोग्रॅम बंद पडला

प्रश्न : सी भाषेत मी एक कॅरेक्टर पॉइंटर घेतला, त्याला अवतरणचिन्हांतला एक पाच अक्षरी रोमन शब्द दिला आणि पुढच्या ओळीत त्या शब्दाचे पहिले अक्षर बदलले. कंपायलरने काहीच हरकत घेतली नाही, पण प्रोग्रॅम चालवताच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येऊन तो बंद पडला. पॉइंटरऐवजी ॲरे घेतला, तर तोच बदल विनातक्रार होतो. असे का?

उत्तर : दोन्ही ओळी दिसायला सारख्या असल्या, तरी मेमरीत घडते ते अगदी निराळे. अवतरणचिन्हांतला शब्द, म्हणजेच स्ट्रिंग लिटरल, कंपायलर एक्झिक्युटेबल फाइलमध्येच लिहून ठेवतो. लिनक्सवर तो बहुधा ‘आरओडेटा’ नावाच्या विभागात जातो आणि प्रोग्रॅम मेमरीत चढवताना ऑपरेटिंग सिस्टीम तो विभाग केवळ वाचण्यापुरता खुला ठेवते. तुमच्या पॉइंटरमध्ये शब्द नाही, त्या जागेचा पत्ता आहे. तिथे लिहू गेलात की प्रोसेसर अडवतो; तोच हा सेगमेंटेशन फॉल्ट. फंक्शनमधल्या ॲरेला मात्र स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत, स्वतःची जागा मिळते आणि शब्दाची प्रत तिच्यात उतरवली जाते. दोघांनाही साइझऑफ, म्हणजे किती बाइट जागा व्यापली ते सांगणारा ऑपरेटर, लावून पाहा : ६४ बिट यंत्रावर पॉइंटरचे उत्तर ८ बाइट येईल, तर ॲरेचे ६, म्हणजे पाच अक्षरे आणि शेवटचा शून्य.

कंपायलर गप्प का राहिला, हा खरा कळीचा मुद्दा. सीच्या मानकात ‘कॉन्स्ट’, म्हणजे ‘हे बदलायचे नाही’ असे कंपायलरला सांगणारा शब्द, १९८९ मध्ये आला. त्याआधीचे प्रोग्रॅम साध्या कॅरेक्टर पॉइंटरलाच लिटरल देत असत, आणि ते मोडू नयेत म्हणून लिटरलच्या प्रकाराला कॉन्स्ट जोडला गेला नाही. लिटरल बदलल्यास काय होईल, हे मानकाने अनिर्धारितच ठेवले आहे. फॉल्ट येईलच अशी हमीही त्यामुळे नाही, आणि मला तीच बाजू अधिक घातक वाटते. कारण एकसारखी दोन लिटरल एकाच जागी ठेवण्याची कंपायलरला मुभा असते, आणि ती जागा लिहिण्यास खुली असेल, तर एका ठिकाणी केलेला बदल भलत्याच ठिकाणच्या संदेशात उमटू शकतो. सी प्लस प्लसने २०११ च्या मानकात साध्या पॉइंटरला लिटरल देण्याची सवलतच काढून टाकली.

म्हणून असा पॉइंटर नेहमी कॉन्स्ट लावूनच घोषित करा; मग ही चूक कंपाइल करतानाच पकडली जाईल. त्या पॉइंटरला पुढे दुसऱ्या लिटरलकडे वळवायला कॉन्स्टची आडकाठी नसते, कारण मनाई अक्षरांवर आहे, पत्त्यावर नाही.