सासूबाई ‘लेदु’ म्हणाल्या म्हणजे सगळं ठीक आहे का?

प्रश्न: ताई, आम्ही सोलापूरला अशोक चौकाकडं राहतो. सासूबाईंनी सगळं आयुष्य विड्या वळल्या, आता त्यांना डिमेन्शिया (आठवण आणि समज कमी होत जाण्याचा आजार) आहे. मागं समाजकार्य शिकणारी एक मुलगी फॉर्म घेऊन आली, अशा पेशंटशी लोक किती भेदभाव करतात ते मोजायचंय म्हणाली. शेजारी, पाहुणे, दवाखाना सगळं विचारलं तिनं मराठीत, आणि सासूबाई प्रत्येक प्रश्नाला ‘लेदु, लेदु’, म्हणजे नाही नाही (घरात आम्ही तेलुगूच बोलतो). सगळीकडं शून्य! पण मी बघते ना, संक्रांतीला त्यांना घेऊन हळदीकुंकवाला गेले तर त्या बाईनं मला कुंकू लावलं, वाण दिलं आणि म्हणाली त्यांचंपण तूच घे, त्यांना काय कळतंय आता. सासूबाईंनी पदर पुढं केला होता हो. मग त्यांच्याऐवजी मीच फॉर्म भरू का? आणि असलं मोजून होतंय तरी काय?

उत्तर: त्यांच्याऐवजी नका भरू. तुम्ही बघितलंय ते खरंच आहे, पण ते तुमचं उत्तर झालं, आणि आजार कळल्यापासून त्यांच्या वतीनं सगळेच बोलायला लागलेत, निदान हे तरी त्यांनाच विचारलं जाऊ दे. तुमचं म्हणणं वेगळ्या फॉर्मवर घ्यायला सांगा. 2019 मध्ये अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या डिमेन्शियावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेनं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडून जी पाहणी करून घेतली, 155 देश आणि जवळपास 70,000 माणसं, तिच्यात पेशंट, सांभाळणारे, डॉक्टर-नर्स आणि बाकी लोक असे चार गट वेगळेच ठेवले होते.

आता ते शून्य. खोलीत कोण कोण बसलं होतं? सुनेसमोर, नातवंडांसमोर कुठली सासू म्हणेल की घरचे मला नीट वागवत नाहीत! तेव्हा त्या मुलीला परत बोलवा, तेलुगू येणारी कुणीतरी बाहेरची बाई सोबत आणायला सांगा, सकाळी त्या ताज्या असतात तेव्हा, आणि तुम्ही जरा आत जा. ‘शेजाऱ्यांनी अन्यायानं वागवलं का’ असं विचारलं तर कुणीही नाहीच म्हणेल, त्यापेक्षा काल पाहुणे आले होते ते तुमच्याशी बोलले का, बरं वाटलं का, असं एकेक छोटं विचारावं. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, प्रसंग आठवत नाही तरी त्याचं वाईट वाटणं मागं राहतं हे अभ्यासात दिसलंय, त्यामुळं त्यांना काय कळतंय हे वाक्यच चुकीचं आहे. आणि त्या नको म्हणाल्या तर तिथंच थांबायचं.

या कामासाठी ‘डिस्क’ नावाची एक प्रश्नावली वापरतात, मूळची मानसिक आजारांसाठीची, नंतर डिमेन्शियासाठी बदलून घेतलेली. एकेक ठिकाण धरून विचारतात आणि उत्तराला 0 ते 3 मार्क, अजिबात नाही पासून खूप पर्यंत. त्याशिवाय एक ‘लागू नाही’ पण असतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. दुकानदार नीट वागतो का? लागू नाही, कारण दुकानात आता त्यांना कुणी पाठवतच नाही. लग्नात मान मिळतो का? लागू नाही, लग्नाला नेतच नाहीत, घरी कुणीतरी बसतं त्यांच्यापाशी. असं करत करत माणूस चार भिंतींच्या आत येऊन बसतो आणि कागदावर भेदभाव शून्य! म्हणून त्या मुलीला सांगा, प्रत्येक ‘लागू नाही’ पुढं का ते लिही, त्यांनी स्वतः सोडलं की घरच्यांनी बंद केलं. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही स्वतःहून काय सोडलंत असाही एक भाग त्या प्रश्नावलीत आहे, तो गाळू नको म्हणावं.

(गॅसजवळ जाऊ देत नाही म्हणजे भेदभाव का, असं तुमच्या मनात येईल. त्यांना कारण सांगितलं आणि शेंगा सोलायला, चटणीचं मीठ बघायला बसवलं तर नाही. स्वयंपाकघराचाच उंबरा बंद केला तर मात्र हो.)

मोजून काय होतं म्हणाल तर, तुम्ही एकट्या वाणाचं सांगितलंत तर लोक म्हणतील तुमच्या मनाचे खेळ आहेत. पण त्याच संघटनेच्या 2024 च्या पाहणीत डिमेन्शिया असलेल्या 88 टक्के लोकांनी भेदभाव सोसल्याचं सांगितलं, 2019 ला 83 होते, हे कसं उडवून लावणार? लोक वाईट झाले असंच नाही, आता बोलायला लागले असंही असेल. आणि दवाखान्यातल्या स्टाफला ट्रेनिंग दिलं तर त्याचा उपयोग झाला का, हे आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारल्याशिवाय कळणार कसं?

येत्या संक्रांतीला मात्र फॉर्मची वाट बघू नका, ‘आधी अत्तम्मांना (सासूबाईंना) लावा’ म्हणा, तिथंच, सगळ्यांसमोर.

प्रश्न: आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो, वडिलांचा डिमेन्शिया इथं कुणालाच सांगितला नाहीये, बहिणीचं स्थळ बघतोय. चुकतंय का?

उत्तर: तुमच्यासारखे खूप आहेत, त्या 2019 च्या पाहणीत सांभाळणाऱ्यांपैकी 35 टक्के लोकांनी निदान लपवल्याचं सांगितलं होतं. पण उतारवयातला डिमेन्शिया बहुतेक वेळा थेट आईबापाकडून मुलांत येत नाही, थेट येणारे प्रकार फार थोडे आणि सहसा कमी वयात सुरू होणारे, तेव्हा स्थळाकडच्यांना हे डॉक्टरांकडूनच समजावून द्या. गावभर सांगायची गरज नाही. वडिलांना विचारा कुणाला सांगितलेलं चालेल, पण वॉचमन आणि कोपऱ्यावरचा किराणावाला यांना आजच सांगा, वडील वाट चुकले तर घरी आणून सोडणारी माणसं तीच आहेत.