गाडी विकली, तरी आरसीवर नाव गुरुजींचंच

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, राहणार बार्शी. २०२१ च्या दिवाळीत माझी २०१४ ची स्प्लेंडर विकायला काढली. स्थानिक दैनिकात छोटी जाहिरात दिली : 'विकणे आहे. स्प्लेंडर, एकहाती वापर, कागदपत्रे क्लिअर. एजंट क्षमस्व.' माढा तालुक्यातल्या एका तरुणाने २६ हजारांना घेतली. टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे नमुना २९ आणि ३०) सह्या करून दिल्या, आरसी दिली, १०० रुपयांच्या स्टँपवर करारपत्र करून नोटरीही केली. 'आठ दिवसांत नावावर करून घेतो,' म्हणाला. २०२२ मध्ये हेल्मेट नसल्याची दोन ई-चलनं माझ्या मोबाइलवर आली. फोन केला तर 'भरतो सर' म्हणाला. आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे. गेल्या वर्षी ती गाडी कोणी तिसराच माणूस चालवत होता आणि तिच्या धडकेत रस्त्याने पायी चाललेले ६३ वर्षांचे एक शेतमजूर वारले. वारसांची मागणी १८ लाखांची. सामनेवाले क्रमांक १ चालक, क्रमांक २ मी. विमा कंपनीचं नावच नाही. शेजारी म्हणतात, विकल्याचा कागद आहे, तारखेला जायची गरज नाही. हे खरं का? मला अटक होईल का? जाहिरात छापणाऱ्या पेपरला यात ओढता येईल का? आणि मुलीची स्कूटीही विकायची आहे, तिची जाहिरात द्यावी की नाही?

उत्तर : गुरुजी, तारखेला जा. तुम्ही गेला नाहीत म्हणून न्यायाधिकरण थांबत नाही. नोटीस बजावली, सामनेवाले गैरहजर, अशी नोंद होते आणि प्रकरण तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालतं. मग कपाटातला स्टँप पेपर कोणी वाचणार नाही. वकीलपत्र दाखल करा, दाव्याच्या सगळ्या कागदांच्या नकला घ्या, लेखी जबाबासाठी मुदत मागा. पहिल्या तारखेला इतकं पुरतं. तारीख उलटून एकतर्फीचा आदेश झालाच असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.

आता कडू भाग. मोटारसायकल ही जंगम वस्तू. पैसे घेतले, गाडी ताब्यात दिली, म्हणजे वस्तू विक्री कायदा, १९३० प्रमाणे तुमच्यात आणि त्या तरुणात विक्री झाली. पण ही विक्री तुमच्या दोघांपुरती. अपघातात ज्यांचा माणूस गेला त्यांच्यासाठी मालक कोण, हे मोटार वाहन कायदा, १९८८ ठरवतो. त्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी तो मालक. गाडी अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या नावावर असेल किंवा फायनान्सवर असेल तर थोडा फरक पडतो, तुमच्या बाबतीत पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असंच प्रकरण गेलं होतं : नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार, निकाल फेब्रुवारी २०१८. विजयकुमार यांनी २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला, विमा नव्हता. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि भरपाईचा बोजा आरसीवर नाव असलेल्या विजयकुमार यांच्यावर टाकला. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे खरेदीदार शोधत फिरायचं नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो, तुमच्या विरोधात जात असला तरी. त्या शेतमजुराच्या घरच्यांकडे शोधायला आरसीवरच्या नावाशिवाय दुसरं काय होतं?

चूक नेमकी टीटी फॉर्मपाशी झाली. नमुना २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर आहे. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर ती १४ दिवसांत द्यायची आणि तिची प्रत खरेदीदाराला पाठवायची. खरेदीदाराने ३० दिवसांत आपली बाजू पुरी करायची. आपल्याकडे दोन्ही फॉर्मवर कोऱ्याच सह्या होतात, तारखेची जागा मोकळी राहते आणि गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात जातो. तो गाडी नावावर न करता तेच फॉर्म पुढच्याला देतो. 'टीटी फॉर्म सही केलेले' हे तर आता जुन्या गाडीचा गुण म्हणून सांगितलं जातं. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा धोका आहे. तुमच्या गाडीची खबर आजही द्या : विक्रीची तारीख, खरेदीदाराचं नाव-पत्ता, करारपत्राची प्रत जोडून आरटीओला लेखी अर्ज, आणि पोहोच घ्या. झालेला अपघात त्याने पुसला जाणार नाही, पण गाडी अजून रस्त्यावर आहे आणि ती अजून तुमच्याच नावावर आहे.

आता सगळी शक्ती एका प्रश्नावर लावा. अपघाताच्या दिवशी गाडीचा विमा होता का? दाव्यात कंपनीचं नाव नाही याचा अर्थ विमा नव्हताच, असा होत नाही. वारसांच्या वकिलाला पोलिसांच्या कागदांत पॉलिसी सापडली नसेल, एवढंच. जुन्या दुचाकीचा विमा एजंट आरसी बघून काढतात, पॉलिसीवर नाव आरसीवरचंच छापतात. मधल्या कोणी पोलिसांच्या भीतीने हजार-बाराशे भरून विमा काढला असेल तर तो तुमच्याच नावाने असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, आरटीओतून नोंदीचा उतारा घ्या. ॲपवर आजची स्थिती दिसते, आपल्याला अपघाताच्या तारखेची हवी, म्हणून मागच्या पॉलिसींचाही माग काढा. पॉलिसी मिळाली तर कंपनीला सामनेवाले करण्याचा अर्ज लगेच द्या. गाडी विकली गेली होती हा बचाव कंपनीला त्रयस्थाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताच्या, भरपाईत चालत नाही, कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विमाही खरेदीदाराकडे गेला असं धरलं जातं. चालकाकडे लायसन नव्हतं असं निघालं तर कंपनी आधी भरून नंतर वसुलीला येऊ शकते, तो पुढचा वाद. (१ सप्टेंबर २०१८ नंतर नवी घेतलेली दुचाकी असती तर पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीनेच आला असता. तुमची २०१४ ची.)

विमा नाहीच निघाला तर करारपत्र बाहेर काढायचं. त्यात 'आजपासून गाडीसंबंधी होणाऱ्या सर्व अपघात, दंड व दाव्यांची जबाबदारी घेणार यांची राहील' अशा अर्थाचं वाक्य आहे का बघा. नोटरीसमोरच्या छापील मजकुरात ते बहुधा असतं. त्या वाक्यामुळे तुम्ही दाव्यातून सुटणार नाही. पण तुम्हाला जे भरावं लागेल ते त्या तरुणाकडून वसूल करण्याचा हक्क मिळतो. करार कायदा, १८७२ च्या कलम १२४ मधली ही हमी. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागतो, आणि मुदत तुम्हाला प्रत्यक्ष पैसे भरावे लागले तेव्हापासून तीन वर्षांची. पण तोवर थांबू नका. तो तरुण आणि अपघाताच्या वेळी गाडी ज्याच्या ताब्यात होती तो, अशा दोघांनाही याच दाव्यात सामनेवाले करून घ्या, म्हणजे व्यवहार नोंदीवर येईल आणि तडजोडीच्या वेळी खिशात हात घालणारी माणसं वाढतील.

गाडी कोणाच्या ताब्यात होती याचा उत्तम पुरावा पोलीस ठाण्यात असतो. जप्त झालेली गाडी सोडवायला कोण गेलं? मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज कोणी केला, सुपूर्दनामा (गाडी ताब्यात घेतल्याचा लेख) कोणी लिहून दिला? ज्याने दिला त्याने शपथेवर 'गाडी मी विकत घेतली आहे' असंच म्हटलं असणार. त्या कागदाची सही-शिक्क्याची नक्कल मिळवा. गाडी अजून ठाण्याच्या आवारातच गंजत असेल तर तेही कळेल. बाकी २६ हजार बँकेतून आले असतील तर ती नोंद, नोटरीच्या रजिस्टरची नक्कल, मोबाइलमधले मेसेज. मेसेज हजर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तो मोबाइल विकू नका, बदलू नका.

ती दोन ई-चलनं मात्र दुधारी आहेत. चलनाच्या फोटोत गाडीवर दुसराच माणूस दिसत असेल तर गाडी २०२२ पासूनच तुमच्याकडे नव्हती हे दिसतं. पण उलटतपासात वारसांचे वकील विचारतील, 'म्हणजे गाडी अजून आपल्याच नावावर आहे हे आपल्याला २०२२ मध्येच माहीत होतं ना? मग आपण काय केलं?' उत्तर 'फोन केला' हेच आहे, तेच द्या. त्या फोननंतर काही मेसेज झाला असेल तर शोधा.

रकमेवरही लढा. १८ लाख ही मागणी आहे, हुकूम नव्हे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी भरपाईचं गणित ठरवून दिलं आहे. ६१ ते ६५ वयाच्या मृतासाठी वार्षिक कमाईच्या ७ पट, तीही त्यांचा स्वतःचा खर्च वजा करून. समजा न्यायाधिकरणाने महिना १० हजार कमाई धरली आणि घरी पत्नी व दोन मुलं अवलंबून आहेत. वर्षाचे १ लाख २० हजार, एक तृतीयांश वजा जाता ८० हजार, त्याच्या ७ पट ५ लाख ६० हजार. अंत्यविधी, सहवास गमावणं वगैरे मथळ्यांखाली पावणेदोन लाखांच्या आसपास आणखी. म्हणजे साडेसात लाखांच्या घरात, वर व्याज. यातली कमाई आणि अवलंबून माणसं पुराव्यावर ठरतील, म्हणून आकडा वर-खाली होईल. पण चालकाची चूक सिद्ध झाली नाही तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मागणी केल्यास मृत्यूसाठी ५ लाख ठरलेलेच आहेत, हेही धरून चाला.

चालक आणि मालक यांच्यावर जबाबदारी एकत्रित आणि स्वतंत्रपणे टाकली जाते. म्हणजे चालकाकडे काही नसेल तर वारस पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागू शकतात. त्याच कायद्याच्या कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला पाठवू शकतं, आणि मग वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. पेन्शनला जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे, शेताला नाही. सातबारावर बोजा चढू शकतो. आणि या भीतीपोटी शेत घाईघाईने मुलाच्या नावावर करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ज्यांचं देणं लागतं त्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर न्यायालय बाजूला सारू शकतं, आणि तुमच्या खरेपणावरचा विश्वास जातो तो वेगळाच. त्यापेक्षा लोकअदालतीत प्रकरण ठेवायला तुमच्या वकिलांना सांगा, तो तरुण नोंदीवर आल्यानंतर. तिथे वाटणी करून रक्कम ठरवता येते आणि वारसांनाही पैसे लवकर मिळतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे समजून सही करा.

अटकेचं. निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, गाडी चालवणाऱ्यावर लागतो. तुम्ही गाडीवर नव्हता, गाडी त्याला दिलीही नव्हती. विमा नसल्याबद्दल नोंदणीकृत मालकाकडे विचारणा होऊ शकते. पोलिसांनी बोलावलं तर जा, गाडी कोणाला विकली हे लेखी द्या, करारपत्राची प्रत द्या, मूळ नको, आणि पोहोच घ्या. चालकाची माहिती विचारली तर जी असेल ती देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे.

पेपरचा विचार सोडून द्या. जाहिरात तुम्हीच दिली, तिच्यात खोटं काही नव्हतं आणि व्यवहारात पेपर कुठेच नव्हता. 'वाचकांनी शहानिशा करूनच व्यवहार करावा' ही ओळ ते उगाच छापत नाहीत. कात्रणाने जाहिरात आली होती एवढंच सिद्ध होतं, गाडी कोणाला विकली हे नाही. तरी जाहिरातीची पावती सापडली तर फाइलला लावा, तारखा जुळवायला उपयोगी पडते.

स्कूटीची जाहिरात खुशाल द्या. गावात अजूनही तीन ओळींच्या जाहिरातीला बरं गिऱ्हाईक मिळतं. मजकुरातच लिहा : 'नावावर झाल्यावरच ताबा'. चार फोन कमी येतील, येऊ देत. ते चार तसेही नको होते. मालकी बदलाचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर दोघांनी एकत्र बसून भरायचा, विमा चालू आहे हे बघायचं, नव्या नावाने नोंद दिसली की किल्ली द्यायची. गिऱ्हाइकाला लगेचच न्यायची असेल तर पोर्टलवरच्या अर्जाची पावती हातात आल्याशिवाय देऊ नका आणि परत करायच्या बोलीवर पाच हजार अनामत ठेवून घ्या. ही कटकट नको असेल तर जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरकडे द्या. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार त्याच्या ताब्यात गाडी दिल्याची खबर पोर्टलवर नोंदली की तोच मालक धरला जातो. भाव दोन-तीन हजारांनी कमी मिळेल. फक्त तो खरोखर अधिकृत आहे का, त्याचं प्रमाणपत्र बघा. नाक्यावर गाड्या लावून बसलेला प्रत्येक जण अधिकृत नसतो. आणि आरसी मुलीच्या नावावर असेल तर ओटीपी तिच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येईल, तेव्हा ती घरी असेल त्याच दिवशी गिऱ्हाईक बोलवा.