हिवाळ्यात धरणावर पॅडल बोर्ड: भिंतीजवळच्या शांत पाण्यावर विसंबू नका

ताई, गोव्यात सुट्टीत स्टँड-अप पॅडल, म्हणजे बोर्डवर उभं राहून वल्हवणं, शिकलात, हवेचा बोर्ड घेतलात, आणि आता डिसेंबर-जानेवारीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या एखाद्या तलावात उतरायचं म्हणताय. घरचे म्हणतात, वारं फार असतं. त्यांचं बरोबर आहे. तरीही उतरता येतं, फक्त वाऱ्याचा अंदाज पायाजवळच्या पाण्यावरून घेऊ नका.

आपल्याकडच्या नद्या पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे धरणाची भिंत बहुतेक ठिकाणी तलावाच्या पूर्व टोकाला असते. आणि हिवाळ्यातलं वारं येतं बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, म्हणजे भिंतीवरूनच. गाडी जाते तीही भिंतीच्या बाजूलाच. तिथं आडोशामुळे पाणी इतकं निवांत दिसतं की माणूस लगेच बोर्डवर उभा राहतो. आत गेलं की वारं पाठीला लागतं. बोर्ड आपोआप पळतो आणि वाटतं, आज हात छान चाललाय.

मी यात सापडलो आहे. एका मध्यम प्रकल्पावर सकाळी साडेनऊला उतरलो आणि वीस मिनिटांत पार मध्यावर पोचलो. वळलो तेव्हा समोर पांढऱ्या फेसाच्या लाटा होत्या. उभं राहिलो की छातीवर वारं घेऊन मागे जायचो, गुडघ्यांवर बसलो तर जेमतेम जागेवर राहायचो. शेवटी पालथा पडून हातांनी पाणी मारत बाजूचा काठ गाठला. दीड तास गेला. अंगात सुती टी-शर्ट होता, ओला. कोरड्या वाऱ्यात तो इतका गार पडला की काठावर आल्यावर बोटांनी दोरीची गाठ सुटेना. तिथं जाळं आवरत बसलेले एक मामा म्हणाले, "हवा सुटली की काठ धरावा, मधून जाऊ नये." तेव्हापासून मी तेच करतो.

तेव्हा पहिला अर्धा फेरा नेहमी वाऱ्याच्या तोंडावर मारा. दमलात तर वारंच तुम्हाला परत आणून सोडेल. त्यासाठी उतरायची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे या दिवसांत साधारण पश्चिम काठावर शोधावी लागते. वाट खराब असली, दोन किलोमीटर फिरून जावं लागलं, तरी जा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावरचा जोर चौपट होतो, आणि उभा माणूस म्हणजे शीडच.

वेळ सूर्योदयाची. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरचं वारं तिच्यावरून निघून जातं. ऊन चढलं की दोन्ही हवा मिसळतात आणि वारं पाण्यावर उतरतं. मी नऊच्या आत बाहेर असतो. संध्याकाळी वारं पडतं खरं, पण अंधार झटकन होतो, म्हणून ती वेळ नवख्यांना सांगत नाही.

मोबाईलवरचा अंदाज बघाच, पण काठावरची ज्वारीही बघा. पानं सारखी हलताहेत म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. सरावलेल्यानं काठ धरून जावं, तुम्ही या मोसमात थांबा. धूळ, पाचोळा उडायला लागला म्हणजे २० च्या वर. त्या दिवशी बोर्ड पिशवीतच राहू द्या, शेजारच्या शेतात हुरडा खा.

आडवं वारं लागलं की बोर्डचं नाक वाऱ्याबरोबर वळतं. तेव्हा वारं ज्या बाजूनं येतंय तिच्या उलट बाजूनं पॅडल मारा, म्हणजे नाक वाऱ्याकडे येईल. वाऱ्याच्या तोंडावर जाताना अर्धं पाऊल पुढे सरका, गुडघे वाकवा, हात छोटे आणि भरभर मारा. पॅडल पुढे नेताना पाण्यालगत आडवं ठेवा, वर उचललं की तेही वारं धरतं. तोल जातोय वाटलं तर लगेच गुडघ्यांवर बसा.

लाइफ जॅकेट अंगात हवं, बोर्डला बांधून उपयोग नाही. लीश, म्हणजे बोर्ड आणि माणूस जोडणारी दोरी, घोट्याला न बांधता झटक्यात सुटणाऱ्या कमरपट्ट्याला लावा. आपल्या तलावांत मासेमारीची जाळी असतात, बुडालेल्या बाभळी असतात. घोट्याची लीश त्यात अडकली तर वाकून सोडवणं अवघड. सुती कपडे नकोत. लवकर वाळणारा शर्ट, वर वारं अडवणारं पातळ जॅकेट, आणि गाडीत कोरडे कपडे.

नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, मन होणारच. पण तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि थंडीत तिथं पट्टकदंब हंस, रोहित उतरतात. बोर्डवरचा उभा माणूस बघून थवा उठतो. शिवाय सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या त्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला लाटा वाढवायला भरपूर जागा मिळते. मी तिथं जात नाही, तुम्हीही जाऊ नका. लहान तलाव निवडा, जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारा, आणि जाळी कुठं टाकलीत ते मासेमारी करणाऱ्यांना विचारून घ्या.

आणि बोर्ड फुगवायच्या आधी खाली जाड ताडपत्री अंथरा. काठावर वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात, शिवाय पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो. कुठल्या तलावाचा विचार आहे ते कळवा, भिंत आणि काठाची दिशा बघून उतरायची जागा सुचवतो.