वाचकांचे प्रश्न : एटीव्हीची नवी बॅटरीही का बसते?

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणण्यासाठी आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी एटीव्ही (रुंद टायरांची चारचाकी मोटरसायकल) आहे. गेल्या पाच महिन्यांत तिच्या दोन बॅटऱ्या बसल्या. सकाळी सेल्फ व्यवस्थित लागतो, दुपारनंतर मात्र नुसता ‘कट-कट’ आवाज येतो. मल्टिमीटर लावला असता रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.३ व्होल्ट, इंजिन चालू करून रेस दिल्यावर १३.१ आणि हेडलाइट लावून रेस दिल्यावर १२.४ व्होल्ट मिळाले. मेकॅनिक मॅग्नेटोची (इंजिनवरच्या वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल बदलायला सांगतो. बदलावी काय?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : आपण आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे काम निम्मे सोपे झाले. इतक्यात कॉइल बदलू नये.

पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी काही तास नुसती ठेवली, तर तिच्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत, १२.३ याचा अर्थ ती रोज अर्धपोटी झोपते. रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात. आपल्याकडे हेडलाइट लावताच आकडा १२.४ वर येतो, म्हणजे दिव्याचा भारदेखील चार्जिंगला पेलवत नाही आणि उरलेली वीज बॅटरीतून उपसली जाते. तेव्हा तिसरी बॅटरी आणली तरी तिची गत हीच होईल.

या गाडीत वीज कशी तयार होते ते थोडक्यात पाहू. इंजिनच्या क्रँकसोबत फिरणाऱ्या चुंबकाच्या आत तीन फेजच्या स्थिर कॉइल असतात (हाच मॅग्नेटो), त्यांतून एसी वीज तीन वायरींनी (बहुतेक गाड्यांत या तिन्ही पिवळ्या असतात) रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जाते, तिथे तिची डीसी होऊन व्होल्टेजला लगाम बसतो आणि मग ती मुख्य फ्यूजमधून बॅटरीत पोहोचते. दोष या वाटेवर कुठेही असू शकतो. परंतु खाऱ्या वाऱ्यात वावरणाऱ्या गाडीत तपासणीची सुरुवात वायर आणि कपलरपासून (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगपासून) करावी, कारण तिथला दोष सर्वाधिक आढळतो आणि दुरुस्तीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

रेग्युलेटरचे दोन्ही कपलर उघडून उन्हात धरून पाहा. पिन पिवळसर आणि चकचकीत असेल तर ठीक. तिच्यावर हिरवट भुकटी दिसली, किंवा पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेले आढळले, तर चोर बहुधा तिथेच आहे. गंजलेल्या सांध्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, त्यातून वीज जाताना उष्णता होते, उष्णतेने पिनेची पकड सैल पडते आणि रोध आणखी वाढतो. वरून कपलर घट्ट बसलेला दिसतो, म्हणून नुसते हलवून पाहणारा मेकॅनिक इथे हमखास फसतो.

डोळ्यांना जे दिसत नाही ते मीटर दाखवतो. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मध्यम रेस द्यावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक तार रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह वायरच्या पिनेला आणि दुसरी थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लावावी. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. तिथे एखादा व्होल्ट सापडला, तर तेवढा व्होल्ट वाटेत गळतो आहे. हीच चाचणी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून रेग्युलेटरच्या अर्थ वायरपर्यंत आणि इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत करावी, कारण चासीवरचा अर्थचा बोल्ट गंजलेला असणे किनाऱ्यावर नित्याचे आहे. सांधे पॉलिश पेपरने घासून, पकड घट्ट करून, जोडल्यावर वरून डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारे, ओल रोखणारे ग्रीस) लावावे.

इतके करूनही व्होल्टेज वाढले नाही, तरच कॉइलकडे वळावे. इंजिन बंद करून तिन्ही पिवळ्या वायरींचा कपलर सोडवा आणि दोन-दोन वायरींमधला रोध मोजा. तो साधारण एका ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा हवा. मात्र मीटरच्या स्वतःच्या तारांचाच ०.२-०.३ ओहम रोध असतो, म्हणून त्या आधी एकमेकींना टेकवून आलेला आकडा वजा करावा. कोणत्याही पिवळ्या वायरीतून इंजिनच्या धातूकडे जोड (कंटिन्युइटी, म्हणजे वीज जायला वाट) मिळाला, तर कॉइल जळाली आहे. त्यानंतर कपलर सोडवलेलाच ठेवून इंजिन चालू करावे आणि मीटर एसीवर घेऊन तिन्ही जोड्या मोजाव्यात. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तिन्ही आकडे सारखे असणे महत्त्वाचे. या वेळी त्या पिनांना हात लावू नये, रेस दिल्यावर तिथे पन्नासच्या वर व्होल्ट असू शकतात. इंजिन तापल्यावर हीच मोजणी पुन्हा करावी. थंडपणी पास झालेली कॉइल गरम झाल्यावर नापास होताना मी पाहिली आहे. वायरिंग आणि कॉइल दोन्ही निर्दोष ठरली, तर उरतो रेग्युलेटर. त्याच्या पंखांवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) चिखल आणि ओली वाळू साचू देऊ नये, तो थंड राहतो तो वाऱ्यावरच.

काही ठिकाणी चालू इंजिनची बॅटरी-वायर काढून ‘चार्जिंग तपासतात’. तसे कुणालाही करू देऊ नका. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळते आणि सीडीआय (ठिणगी देणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) किंवा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) जळू शकते.

एक शंका मात्र दोष सापडल्यावरही राहील. दहा मिनिटांची संथ फेरी, इंजिन बंद, पुन्हा सेल्फ, असा दिवसभराचा क्रम असेल, तर कमी आरपीएमवर मॅग्नेटो जेमतेम दिवा चालवतो आणि सेल्फने खाल्लेली वीज परत भरून येत नाही. दिवसा हेडलाइटचे बटण असल्यास तो बंद ठेवावा आणि रात्री बॅटरी चार्जरवर लावावी.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी तीन महिने झाकून ठेवतो. बॅटरीचे काय करावे?

उत्तर : बॅटरी आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवून बाहेर काढावी, कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. चार्जरचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश ठेवावा, म्हणजे १४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे १.४ अँपिअर, ट्रकच्या बॅटऱ्यांसाठी गॅरेजमध्ये असलेल्या मोठ्या चार्जरवर ती ‘तासाभरात’ भरून घेऊ नये. परत बसवताना पॉझिटिव्ह वायर आधी जोडावी.