गप्प बसलेल्यांसाठी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. ऑनलाइन चर्चागटाचं मॉडरेटरपद, म्हणजे देखरेखीचं काम, हाती आलं आणि पहिल्याच आठवड्यात दोघांच्या भांडणात पडावं लागलं. कुणाचं बरोबर होतं, असं तू विचारतेस. ते मी सांगणार नाही, कारण तुझ्यापुढचा प्रश्न तो नाहीच. भांडणारे दोघं असतात, वाचणारे शेकडो. त्यातल्या कुणीतरी त्या दिवशी पहिल्यांदाच काही विचारायचं म्हणून दोन ओळी लिहिल्या असतील आणि तो धुरळा बघून पुसून टाकल्या असतील. तुला सांभाळायचं आहे ते त्या माणसाला.

लिहिताना माणसं इतकी का बोचतात? मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये यावर नेमकं लिहिलं आहे. नाव झाकलेलं, नजरेला नजर नाही, समोरच्याचं उत्तर तिथल्या तिथे ऐकावं लागत नाही, त्यामुळे एरवी ओठांआड राहिलं असतं ते बाहेर पडतं. पण याच आडोशाला माणसं कुणालाच न सांगितलेलं दुःखही मोकळं करतात, हेही त्यांनी नोंदवलंय. म्हणून सरसकट लगाम घालू नकोस. शिवीगाळ थांबवताना ते दुसरं दारही बंद होतं.

आणि पुष्कळदा राग नसतोच, नुसता सूर हरवलेला असतो. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा काहींनी खरी मानली. त्या चर्चेतूनच स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबरला विनोदाची खूण म्हणून कोलन, आडवी रेघ आणि कंस सुचवला. आज अशा चिन्हांची रेलचेल आहे, घोटाळा मात्र जुनाच. तेव्हा खटकलेलं वाक्य आधी मोठ्यानं वाच, जमेल तितक्या सौम्य आवाजात. तरीही टोचलं तरच पुढे जा.

पुढे जायचं म्हणजे आधी खाजगीत लिहायचं. चारचौघांत टोकलेला माणूस चूक कबूल करत नाही, अब्रू वाचवतो. 'तुम्ही उर्मट आहात' असं लिहू नकोस. 'तुमचा मुद्दा राहू द्या, पण त्यांच्या शिक्षणावरचं हे वाक्य काढा' असं लिही. मुद्दा राहतोय हे दिसलं की बहुतेक जण वाक्य सोडतात.

माझी एक चूक सांगतो. एकदा वाद चिघळला म्हणून मी रातोरात वीसेक प्रतिसाद उडवले आणि तो धागा, म्हणजे त्या विषयावरची सगळी चर्चा, बंद केला. कारण लिहिलं नाही. सकाळी लोक मूळ विषय विसरले होते, मी कुणाला पाठीशी घातलं याचीच चर्चा चालू होती. ज्यांचे प्रतिसाद साधे, सभ्य होते, तेही त्यात उडाले होते. त्यातले तिघं पुन्हा कधी लिहायला आले नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून काहीही काढलंस तर तिथेच एक ओळ ठेव: काय काढलं, कोणत्या नियमाखाली, दाद कुठे मागायची.

तू स्वतः ज्या वादात उतरली असशील, तिथे निवाडा करू नकोस, सहकाऱ्याकडे दे. वाद घालणाऱ्यांना आपली जुनी शिस्त सुचवून बघ: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं, मगच खंडन. निम्मे वाद तिथेच निवतात, कारण दोघं वेगळ्याच गोष्टींवर बोलत होते हे कळतं. १९९५ च्या नेटशिष्टाचाराच्या दस्तऐवजात भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबून पाठवायचा सल्ला आहे. तो मॉडरेटरनं सगळ्यांत आधी पाळावा. धमकी किंवा कुणाचा पत्ता, फोन नंबर उघड केलेला दिसला तर मात्र क्षणभरही थांबू नकोस, लगेच काढ.

ज्याचा प्रतिसाद तू परवा काढलास, त्याला कारण कळवलंस का? पत्रात तसं दिसलं नाही. आज कळव. आणि धाग्याच्या तळाशी एका नव्या सदस्यानं विचारलेला प्रश्न त्या गदारोळात तसाच राहिलाय म्हणतेस, त्याला तूच उत्तर दे.

तुझा,
काका