आढावा बैठकीत काय विचारायचं?

प्रश्न: बैठकीच्या आदल्या रात्री चाळीस पानांची टिप्पणी हातात पडते. सगळं वाचून होत नाही. सुरुवात कुठून करू? (पंचायत समिती सभापती, बीड जिल्हा)

शेवटाकडून करा. आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि त्यावरचं अनुपालन, म्हणजे ठरलेल्यातलं काय झालं याची नोंद, वाचा. मग तक्त्यातला 'शेरा' हा शेवटचा रकाना वरून खाली पाहा. 'जागेचा वाद', 'वीजजोडणी प्रलंबित', 'ठेकेदारास नोटीस'... खरी अडचण तिथंच दोन शब्दांत दडलेली असते. एकच शेरा तीन बैठका जसाच्या तसा असेल, तर त्या कामाकडं बहुधा कुणी फिरकलेलं नाही. अशी तीन कामं निवडा आणि बैठकीचा निम्मा वेळ त्यांना द्या. बाकीची पानं चाळली तरी चालतील.

प्रश्न: नळयोजना '८० टक्के, प्रगतीपथावर' हे वर्षभर ऐकतेय. नेमकं काय विचारू? (सरपंच, लातूर जिल्हा)

ताई, 'झालं का?' विचारलं की 'होतंय' हेच उत्तर येणार. टक्के खर्चाचे की कामाचे, हे आधी विचारा. पाइपांवर मोठा खर्च होतो, त्यामुळं ते पुरले की टक्केवारी फुगते. पण पंपाला वीज नसेल तर नळाला थेंब येत नाही. म्हणून काम तुकडे पाडून विचारा: उद्भव विहीर (जिथून योजनेला पाणी मिळतं ती), मुख्य जलवाहिनी, टाकी, वीजजोडणी, घरातला नळ. यातलं काय पुरं आहे, काय नाही?

सगळ्यात जास्त खोदून विचारायचं ते उद्भवाबद्दल. विहिरीत पाणी किती येतं याची चाचणी कोणत्या महिन्यात घेतली? आपल्याकडं काळ्या पाषाणातली विहीर ऑक्टोबरात तुडुंब असते आणि मे महिन्यात तळ दाखवते. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १,८०० लोकवस्तीला रोज ९९,००० लिटर. एवढं पाणी मे महिन्यात ती विहीर देईल का? उत्तर तोंडी घेऊ नका. शाखा अभियंत्याचं नाव आणि तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.

प्रश्न: जायकवाडीत ३० टक्के पाणी म्हणजे नेमकं किती? (पाणीवापर संस्था अध्यक्ष, परभणी जिल्हा)

हे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला ७३८ मृतसाठा (दारांतून बाहेर न येणारं तळाचं पाणी) वजा केला की उपयुक्त २,१७१ उरतो. त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ६५१ दलघमी. शून्य टक्के झालं तरी धरण कोरडं नसतं, ते त्यामुळंच. तुमच्या कामाचे प्रश्न मात्र यापुढचे आहेत: पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी राखीव किती, बाष्पीभवन किती धरलं, डाव्या कालव्याला आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) किती आणि टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत, पाणी किती दिवसांत पोचणार?

प्रश्न: माझ्यासमोर सगळे 'होय साहेब' म्हणतात. खरं कसं कळावं? (जिल्हा परिषद पदाधिकारी, नांदेड)

स्वतःचं मत शेवटी सांगा आणि सगळ्यात कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. वाईट बातमी आणणाऱ्याला भर बैठकीत झापलं, की पुढच्या महिन्यात सगळ्या रकान्यांत 'पूर्ण' लिहून येतं. 'काय अडलंय, आणि माझ्याकडून काय हवंय?' असं विचारा. टँकरच्या तीन फेऱ्या मंजूर असून दोनच झाल्या असतील, तर दोष कुणाचा हे नंतर बघा. भरण्याच्या ठिकाणी वीज नव्हती, रस्ता खराब होता की गाडीच बिघडली? तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. आधी चालकाला विचारा, नोंदवही मग मागवा.